विरंगुळा केंद्रात आजी का दिसत नाहीत?

एक ऑक्टोबर हा ज्येष्ठ नागरिक दिन. संयुक्त राष्ट्रसंघानं १९९० साली तो ठरवला आणि आता तालुक्याच्या गावांतही तो चांगला रुजलाय. त्या दिवशी ज्येष्ठ नागरिक संघाचा कार्यक्रम होतो, दुसऱ्या दिवशी पेपरच्या स्थानिक पानावर फोटो येतो. तुम्हीही पाहिला असेल. मागे फलक, पुढे शाल-श्रीफळ घेतलेले पंधरा-वीस आजोबा आणि अगदी टोकाला एक-दोन आजी. त्याही बहुतेक वेळा कुणाच्या तरी 'सौ.' म्हणून आलेल्या.

खरं तर हिशेब उलटा हवा. २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढची १० कोटी ३८ लाख माणसं होती आणि त्यांत बायका पुरुषांपेक्षा जास्त होत्या. आपल्या महाराष्ट्रात तेव्हाच शंभरातली जवळजवळ दहा माणसं साठीच्या पुढची होती. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांनी २०२३ मध्ये भारतातल्या वार्धक्याचा अहवाल काढला. त्यात २०२२ साली देशात १४ कोटी ९० लाख ज्येष्ठ असल्याचं म्हटलंय, आणि २०५० पर्यंत हा आकडा ३४ कोटी ७० लाखांवर जाईल असा अंदाज आहे. म्हणजे दर पाच माणसांत एक! वय जसजसं वाढतं तसतसा त्यात बायकांचा वाटाही वाढत जातो, कारण बाई जास्त जगते. आज ज्या मैत्रिणी पस्तिशी-चाळिशीत आहेत त्या २०५० मध्ये नेमक्या याच गर्दीत असणार आहेत. तेव्हा हा विषय फक्त सासूबाईंचा नाही हो!

पुणे, नवी मुंबई अशा महापालिकांनी ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं बांधली. ते पाहून लहान शहरांतही नगरपालिकेचा एखादा हॉल, बागेतली शेड, देवळाशेजारची खोली या कामी लागली. राज्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांचा 'फेस्कॉम' हा महासंघही वर्षानुवर्षं काम करतोय. त्यामुळे कुठंच काही नाही, असं म्हणता येणार नाही. पण आत डोकावून बघा. दोन कॅरम बोर्ड, पत्त्यांचा डाव, चार वर्तमानपत्रं, भिंतीवर माजी अध्यक्षांचे फोटो. जमलेली मंडळी बहुतेक निवृत्त शिक्षक, बँकेतले, पोस्टातले, एसटीतले. पेन्शनवाले, आणि पुरुष. बायकांना कुणी 'येऊ नका' म्हणालेलं नसतं. तरी त्या येत नाहीत. का येत नाहीत, आणि न आल्यानं त्यांचं नेमकं काय बुडतं, हा आजचा विषय.

आधी काय बुडतं ते बघू. अनेकांना वाटतं, विरंगुळा केंद्र म्हणजे टाइमपास. औषध वेगळं, डॉक्टर वेगळा, आणि हे आपलं वेळ घालवायला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ च्या अहवालात सुदृढ म्हातारपणाची जी व्याख्या केली, ती मात्र वेगळं सांगते. आजार नसणं म्हणजे सुदृढ म्हातारपण नव्हे. आपल्याला जे करावंसं वाटतं ते करण्याची ताकद टिकवून ठेवणं म्हणजे सुदृढ म्हातारपण. साखर आहे, गुडघे दुखतात, पण आजी स्वतः उठून आंघोळ करते, भाजी निवडते, बँकेत जाऊन सही करते, नातवाच्या शाळेत जाऊन येते. ही आजी सुदृढच! उलट सगळे रिपोर्ट नॉर्मल, पण चार महिन्यांत उंबरा ओलांडलेला नाही, अशा आजींची काळजी करायला हवी.

आणि ही ताकद टिकते कशानं? हालचालीनं आणि माणसांनी. पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम करावेत, असं आरोग्य संघटनेनं २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलंय. घरातलं काम म्हणजे व्यायामच की, असं आपण म्हणतो. पण कणीक मळून आणि भांडी घासून मांड्यांत ताकद येत नाही, तोल सुधारत नाही. पाळी गेल्यावर बाईची हाडं झपाट्यानं ठिसूळ होतात. मग एक दिवस बाथरूममध्ये पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं आणि त्या दिवसापासून आजी कॉटवर. बऱ्याच घरांत म्हातारपणाची खरी सुरुवात या पडण्यापासूनच होते. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, खुर्चीला धरून एका पायावर उभं राहणं, टाचा उचलून चालणं, एवढे साधे व्यायामही पडणं टाळायला मदत करतात. घरी एकटीनं ते दोन दिवस होतात, तिसऱ्या दिवशी पाहुणे येतात. चौघीजणी मिळून केले तर चालू राहतात. केंद्राचा पहिला फायदा हाच.

दुसरा फायदा डोक्याचा. देशभरातल्या ज्येष्ठांची तपासणी करून काढलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणे साठीपुढच्या शंभरातल्या सातांहून थोड्या जास्त लोकांना स्मृतिभ्रंश आहे. देशात सुमारे ८८ लाख माणसं, आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटानं २०२४ मध्ये असं मांडलं की, जगातला जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येण्याजोगा आहे. त्यासाठी सांभाळायच्या त्यांनी चौदा गोष्टी सांगितल्या. त्यात रक्तदाब आणि साखर आहे, तशीच कमी ऐकू येणं, मोतीबिंदूसारख्या कारणानं नजर अधू राहणं, लहानपणी शिक्षण न मिळणं आणि माणसांपासून तुटणं हीसुद्धा आहेत. आपल्या आई-सासूच्या पिढीकडे बघा. शाळा चौथीतून सुटलेली. कानात बोटं घालून 'काय म्हणालीस?' विचारतात, पण तपासायला कुणी नेत नाही. सुटलेली शाळा आता परत मिळणार नाही. पण कान, डोळे आणि माणसं, या तीन गोष्टींचं आजही काही करता येतं.

एकटेपणाचं तर बोलायलाच नको. आमच्याकडे घर भरलेलं आहे, सासूबाई कशाला एकट्या, असं वाटेल. भरल्या घरात दिवसभर 'जेवलात का' आणि 'गोळी घेतली का' या दोन वाक्यांपलीकडे जिच्याशी कुणी बोलत नाही, ती एकटीच. मुलगा मोबाइलवर, सून कामावर, नात क्लासला. आरोग्य संघटनेच्या समितीनं २०२५ मध्ये एकटेपणावर अहवाल काढला. त्यात जगभरात वर्षाला ८ लाख ७१ हजार मृत्यू एकटेपणाशी जोडलेले असल्याचा अंदाज दिलाय. आकडा ऐकून दचकायला होतं. पण जिचा नवरा गेला आणि सहा महिन्यांत जी खंगत गेली, अशी एखादी बाई आपल्या प्रत्येकीच्या आळीत असतेच.

अशा केंद्रांची कल्पनाच मुळी यातून निघाली. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १९४३ साली ज्येष्ठांसाठी असं पहिलं केंद्र सुरू झालं. मदतीसाठी सरकारी कचेरीत येणारी म्हातारी माणसं काम झालं तरी उठत नाहीत, बोलत बसतात, हे तिथल्या समाजकार्यकर्त्यांच्या लक्षात आलं होतं. आपल्याकडे सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या आजी पाहा, तेच दिसेल. केसपेपर दहा मिनिटांत होतो, आजी दोन तास बसतात.

आता बायका का येत नाहीत ते.

पहिलं कारण वेळ. पुरुष अठ्ठावन्न-साठला निवृत्त होतो. घड्याळ मिळतं, हार मिळतो, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळ त्याची. बाईची निवृत्ती कधी? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ८८ मिनिटं. यात मुलांना, आजाऱ्यांना सांभाळण्याचा वेळ वेगळाच. हे आकडे सगळ्या वयांचे आहेत. पण साठीनंतर बाईचं काम संपत नाही, फक्त बदलतं. स्वयंपाकाचा ओटा सुनेकडे जातो आणि नातवंडं आजीकडे येतात. आता केंद्राची वेळ बघा : सकाळी सात ते नऊ, नाहीतर संध्याकाळी पाच ते सात. सकाळी सातला डबे असतात. संध्याकाळी पाचला नातू शाळेतून येतो, मग दूध, मग दिवाबत्ती. ही वेळ ठरवणाऱ्या बैठकीत एकही बाई नव्हती, हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरं कारण जास्त अवघड आहे. बाईला घराबाहेर पडायला निमित्त लागतं. देवळात जाते, भाजीला जाते, लग्नाला जाते, दवाखान्यात जाते. हरिपाठाला जाते, बचत गटाच्या मीटिंगला जाते. 'नुसती बसायला जाते,' असं तिला म्हणता येत नाही. आजोबा पारावर नुसते बसले तर ते आराम करतात. आजी नुसत्या बसल्या तर 'घरी काम नाही वाटतं?' विरंगुळा हा शब्दच तिच्या वाट्याला आलेला नाही. 'आता या वयात कुठं जाऊ गं,' असं ती म्हणते खरी. पण आयुष्यभर परवानगीनं बाहेर पडलेल्या बाईला सत्तराव्या वर्षी परवानगी कुणाकडे मागायची तेच समजत नाही.

तिसरं कारण कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. लघवी. तीन-चार बाळंतपणं झालेल्या, पाळी जाऊन वीस वर्षं झालेल्या कितीतरी बायकांना खोकल्यावर, हसल्यावर, उठताना थेंब थेंब लघवी होते. वासाची धास्ती, साडी ओली होण्याची धास्ती. म्हणून बाहेर जायचं असलं की त्या पाणीच पीत नाहीत, आणि मग जायचंच टाळतात. सभागृहाला स्वच्छतागृह नसलं किंवा असून कुलूपबंद असलं की विषयच संपला. आजोबांचं कुठंही भागतं, त्यामुळे त्यांच्या कमिटीला ही अडचण सुचतच नाही. खरं तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरण्याच्या साध्या व्यायामानं अनेकींना फरक पडतो. सरकारी रुग्णालयातल्या नर्सताई किंवा व्यायामोपचार करणाऱ्या ताई तो शिकवू शकतात. पण तो शिकवायला बायकांची खोली हवी, दार लावता येईल अशी. कॅरमच्या शेजारी हे होणार नाही.

चौथं, नवरा गेलेल्या बायका. २०११च्या जनगणनेत साठीपुढचे शंभरातले ८२ पुरुष पत्नीसोबत होते. बायकांमध्ये जवळजवळ निम्म्या विधवा होत्या. संघाचं सभासदत्व अनेक ठिकाणी जोडप्यानं घेतलेलं असतं. आजोबा गेले की आजींचं येणं आपोआप थांबतं. शिवाय बायकांसाठी म्हणून संघ काही ठेवतो तेव्हा काय ठेवतो? संक्रांतीचं हळदीकुंकू! म्हणजे निम्म्या जणींना दारातच अडवल्यासारखं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि मग राज्य सरकारनंही बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. ठराव कागदावर राहू नये असं वाटत असेल, तर ज्येष्ठ महिलांचा कार्यक्रम ही तो अमलात आणायची सगळ्यात सोपी जागा आहे. सगळ्यांना तिळगूळ, सगळ्यांना वाण. बस्स.

पैशाचंही कारण आहेच. वर्गणी थोडीच असते, पण जिला पेन्शन नाही तिला ती मुलाकडे मागावी लागते. मग सहलीची वेगळी, वाढदिवसाची वेगळी. शेतमजुरी केलेल्या, धुणीभांडी केलेल्या बायका तर या हिशेबात धरलेल्याच नसतात. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना २०२४ मध्ये आली तेव्हा वयाची अट होती २१ ते ६५. म्हणजे पासष्ट ओलांडली की बहीण लाडकी राहत नाही! पुढे अगदी कमी उत्पन्नाच्या घरातल्या वृद्धांना श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन आहे. पण त्याचे कागद जमवायचे कसे, हे सांगायलाही कुणीतरी भेटावं लागतं. आणि पुन्हा, ते भेटतं कुठं? जिथं चार माणसं जमतात तिथंच.

कुणी म्हणेल, बायकांची भजनी मंडळं आहेत की. अगदी बरोबर. मला विचाराल तर आपल्याकडच्या बायकांनी स्वतःची विरंगुळा केंद्रं केव्हाच काढलेली आहेत, फक्त त्यांना ते नाव नाही. हरिपाठाच्या निमित्तानं आजी रोज ठरल्या वेळी चालत जातात, टाळ्या वाजवतात, मोठ्यानं गातात, अभंग पाठ करतात. फुप्फुसं, हात, स्मरणशक्ती, सगळ्यांना काम मिळतं. एखादी चार दिवस दिसली नाही की पाचव्या दिवशी कुणीतरी दार वाजवतं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. मंगळागौरीचे खेळ तर तोल सांभाळण्याचा व्यायामच, सत्तरीत फुगडी नको एवढंच! पण भजनी मंडळात रक्तदाब कुणी मोजत नाही, बँकेचा फॉर्म कुणी भरून देत नाही. शिवाय तिथं सगळ्या जाती-धर्मांच्या बायका येत नाहीत. ज्यांचं मंदिर वेगळं, ज्यांची मशीद किंवा बुद्धविहार वेगळा, त्या वेगळ्याच राहतात. म्हणून नगरपालिकेचा, सगळ्यांचा असा हॉल हवाच. भजनी मंडळाचं रोजचं येणं आणि हॉलमधल्या सोयी, यांची सांगड घालता आली तर!

ही सांगड जपानमधल्या एका लहान गावानं घातली. ताकेतोयो हे आइची प्रांतातलं चाळीस-बेचाळीस हजार वस्तीचं गाव. म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढं. तिथं २००७ पासून गावातल्या सार्वजनिक जागांमध्ये ज्येष्ठांच्या बैठका सुरू केल्या. महिन्यातून एकदा-दोनदा जमायचं, चहा, व्यायाम, खेळ, हस्तकला. चालवायला गावातलेच स्वयंसेवक, त्यातलेही बरेच स्वतः ज्येष्ठ. अभ्यासकांनी पाच वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा येणाऱ्यांमध्ये परावलंबी होण्याचं प्रमाण न येणाऱ्यांच्या जवळजवळ निम्मं निघालं. आता यावर शंका येईल की, धडधाकट असतात तेच तर येतात! शंका योग्यच आहे, आणि अशा पाहणीत ती मोठी अडचण असते. अभ्यासकांनी म्हणून घरापासून बैठकीपर्यंतच्या अंतराचाही हिशेब धरून पडताळा घेतला, तरीही फायदा दिसलाच. निम्म्याचा आकडा डोळे झाकून आपल्याकडे लावू नये. तिथलं जेवण, चालणं, दवाखाने, सगळंच वेगळं. पण त्या हिशेबातून एक गोष्ट आपल्या कामाची निघते. बैठक घराजवळ असेल तर माणसं जास्त येतात. गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत बांधलेलं दुमजली केंद्र कितीही देखणं असलं, तरी जुन्या पेठेतली आजी तिथं जाणार नाही.

आणि मजा म्हणजे, जपानमध्ये तक्रार उलटी आहे. तिथल्या अशा बैठकांना बायकाच जास्त येतात, पुरुषांना घराबाहेर कसं काढायचं याची चिंता. म्हणजे 'बायकांना आवडच नसते' हे काही खरं नाही. जागा, वेळ आणि सोबत त्यांच्या सोयीची असेल तिथं त्या पुढे असतात.

इतकं लांब जायचं नसेल तर केरळ आहे. तिथं स्थानिक स्वराज्य संस्था 'पकलवीडु' म्हणजे दिवसाची घरं चालवतात. सकाळी यायचं, दिवसभर राहायचं, संध्याकाळी आपल्या घरी. केरळनं २०२५ मध्ये ज्येष्ठांसाठी स्वतंत्र आयोग नेमण्याचा कायदाही केला. आपल्या राज्याचं ज्येष्ठ नागरिक धोरण २०१३ पासून आहे, २०१८ मध्ये ते नव्यानं आलं आणि ज्येष्ठांचं वय पासष्टवरून साठ झालं. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत झाली, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. त्याचा परिणाम काय झाला, ते एसटीत चढून पाहा! आजी माहेरी जाऊ लागल्या, देवाला जाऊ लागल्या. सोय झाली की बाई बाहेर पडते, याचा एवढा मोठा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर धावतोय.

मग गावातल्या केंद्रात काय बदलायला हवं? वेळ तर सगळ्यात आधी. दुपारी दोन ते चार. तेव्हा हॉल रिकामाच असतो, आजोबा झोपलेले असतात. आठवड्यातले दोन दिवस बायकांचे ठेवले तरी सुरुवातीला पुरे. नातवंडाला घेऊन आलं तर चालेल, असं स्पष्ट सांगायला हवं. दोन वर्षांच्या पोराला सोडून आजी येणार नाही. खाली बसून उठता येत नाही, म्हणून सतरंजीऐवजी खुर्च्या, आणि त्याही हात असलेल्या. स्वच्छतागृह उघडं, कमोड असलेलं, भिंतीला धरायला दांडा. सभासदत्व आजींच्या स्वतःच्या नावानं आणि वर्गणी परवडत नसेल तर नाही. आशाताईंनी महिन्यातून एकदा येऊन रक्तदाब-साखर बघितली, कान-डोळ्यांची तपासणी वर्षातून एकदा झाली, की केंद्राचं निम्मं काम झालं. केंद्र सरकारनं २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार लागू केलेत, उत्पन्नाची अट नाही. पण त्याचं कार्ड काढायला आधार आणि मोबाइल लागतो, आणि कितीतरी आजींचा मोबाइल नंबर मुलाचाच असतो. एका दुपारी एखादी कॉलेजची मुलगी लॅपटॉप घेऊन बसली तर वीस जणींची कार्डं निघतील. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत मदत क्रमांक आहे, तोही भिंतीवर मोठ्या अक्षरात लावायला हवा. घरात त्रास होत असलेली आजी तो क्रमांक घरी विचारू शकत नाही, भिंतीवरून पाठ करू शकते.

आता थोडं सुनांशी बोलते, म्हणजे आपल्याशीच. सासूबाई केंद्रात जाणार म्हटल्यावर पहिली भीती वाटते ती चहाड्यांची. तिथं बसून आपली उणीदुणी काढणार! काढतीलही. आपण नाही का ऑफिसात, भिशीत, माहेरी फोनवर काढत? सासूबाईंचं मन चार जणींत हलकं झालं तर ते स्वयंपाकघरात बाहेर पडणार नाही, हा फायदा आपलाच. शिवाय दुपारचे दोन तास घर शांत! तिथं दुसऱ्यांच्या सुनांच्या कथा ऐकून आलेल्या सासूबाईंना आपली सून बरी वाटू लागण्याचीही शक्यता आहे. हे गमतीनं म्हणतेय, पण पूर्ण गमतीनंही नाही. मात्र एक धोका खरा आहे. 'जा तिकडं बसा' म्हणून आजींना घालवून द्यायची जागा असं केंद्राचं रूप होता कामा नये. ज्या दिवशी अंग दुखतंय, जायचं नाही, त्या दिवशी घरी राहण्याचाही हक्क आजींचा. आणि नातवंडांना दुपारी कोण बघणार, हा प्रश्न सुनेवरच पुन्हा येऊन पडणार असेल तर त्यातून काहीच साधलं नाही. घरातले पुरुष दुपारी कुठं असतात, हेही विचारायला हवं. निवृत्त आजोबा नातवाला दोन तास नक्की सांभाळू शकतात. कॅरम पळून जात नाही.

उरला पैसा. नगरपालिकेनं आपल्या उत्पन्नातला पाच टक्के आणि ग्रामपंचायतीनं दहा टक्के निधी महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, हे आपल्यातल्या अनेकींना माहीत आहे. शिलाई मशीन, सायकली, शिवणकाम-ब्यूटी पार्लरचे वर्ग, अंगणवाडीचं साहित्य यांवर तो जातो. ही कामं चांगलीच आहेत. पण 'महिला' या शब्दात सत्तर वर्षांची महिला धरायची की नाही? तिला शिलाई मशीन नको, गुडघे साथ देत नाहीत. तिला खुर्च्या, दांडा, पंखा आणि रक्तदाबाचं यंत्र हवं आहे. या निधीतून नियमात बसत नसेल तर दुसऱ्या कुठल्या निधीतून बसवायचं, हे मुख्याधिकाऱ्यांना विचारता येतं. लेखी विचारलं तर लेखी उत्तर द्यावं लागतं.

विचारायची वेळही आत्ताच आहे. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. त्याआधी कितीतरी गावांत अनेक वर्षं प्रशासकच कारभार बघत होते, नगरसेवकच नव्हते. आता आहेत, आणि २०११ पासून निम्म्या जागा बायकांना राखीव असल्यानं त्यांतल्या निम्म्या तरी नगरसेविका आहेत. त्यांच्यातल्या काहींचा कारभार अजून त्यांचे 'हे'च बघतात, ते सोडा. तरी नगरसेविकेच्या घरीही सासू असते, आईही असते. प्रभागातल्या पंधरा आजींच्या सह्या किंवा अंगठे असलेला अर्ज त्यांच्या हातात दिला, तर नाही म्हणणं त्यांना जड जाईल. अर्जात फार काही मागू नका. नगरपालिकेचं प्रभागातलं सभागृह मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन ते चार ज्येष्ठ महिलांसाठी राखून ठेवावं. स्वच्छतागृह त्या वेळी उघडं असावं. आणि सभागृहाची एक किल्ली या महिलांपैकी एकीकडे असावी. किल्लीचं नक्की लिहा. बहुतेक गावांत सभागृह असतं, खुर्च्याही असतात. किल्ली मात्र अशा एका गृहस्थांकडे असते जे दुपारी झोपलेले असतात.